आधी लाभलेले प्रेम
(पंडिता रमाबाईंच्या स्मरणार्थ दिलेले व्याख्यान)



५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी देह ठेवला. त्यांच्यावर बोलायचे म्हटले की त्यांची विद्वत्ता समोर येते. कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या, हंटर कमिशनपुढची साक्ष, अमेरिकेतली व्याख्याने, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर, या सगळ्याविषयी आपण अनेकदा ऐकले आहे. आज मी त्यांच्या एकाच गोष्टीपाशी थांबणार आहे. परक्या, अनाथ, समाजाने टाकून दिलेल्या माणसांवर त्यांनी जे प्रेम केले, ते त्यांच्यात आले कुठून?

हा प्रश्न केवळ चरित्राचा नाही. देव प्रेमस्वरूप आहे, असे आपण दर रविवारी उपासनेत म्हणतो, गातो, लेकरांना शिकवतो. मग त्या प्रेमाने माझ्या आणि शेजाऱ्याच्या मधल्या जागेत काही फरक पडतो की नाही, आणि पडत असेल तर कोणता? रमाबाईंच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर जितके स्पष्ट दिसते, तितके मला मोठमोठ्या धर्मशास्त्रीय ग्रंथांतही सापडलेले नाही.

ख्रिस्ती शिकवणीत एक क्रम आहे, आणि तो चुकला की सगळेच चुकते. योहानाच्या पहिल्या पत्रात तो स्वच्छ मांडला आहे. पुढाकार देवाचा असतो. माणूस प्रेम करू लागतो तो नंतर, आपल्यावर आधीच प्रेम झाले आहे हे उमगल्यावर. दीनदुबळ्यांची सेवा केली म्हणून देव प्रसन्न होतो, पुण्य गाठीला पडते, असा हा व्यवहार नाही. आपण पात्र नसताना आपल्याला जवळ केले गेले, हे ज्याला कळले त्याला समोरच्याची पात्रता तपासायचा अधिकार उरत नाही. त्याच पत्रात पुढे अगदी परखड गोष्ट सांगितली आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या भावाचा द्वेष करणारा माणूस न दिसणाऱ्या देवावर प्रेम असल्याचे सांगत असेल, तर तो खोटे बोलतो. म्हणजे देवावरच्या प्रेमाची परीक्षा देवळात होत नाही, ती शेजारी होते.

आता रमाबाईंकडे वळू. १८८३ साली त्या आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींकडे राहिल्या. त्या वेळी त्या पंचविशीतल्या विधवा होत्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम भागातले आपले काम पाहायला पाठवले. तिथे समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी आश्रयगृह चालवले जात होते. हा प्रसंग रमाबाईंनी पुढे १९०७ साली आपल्या आत्मकथनात लिहून ठेवला. वाकडे पाऊल पडलेल्या बाईला समाजात थारा नाही, हेच त्या जन्मापासून पाहत आणि ऐकत आल्या होत्या. आणि इथे चांगल्या घरच्या बायका अशा स्त्रियांना आपल्या हातांनी सावरत होत्या. त्याहून मोठे आश्चर्य पुढे होते. पूर्वी त्या घरात आश्रयाला आलेल्या काही बायका आता स्वतःच आजाऱ्यांची आणि अपंगांची सेवा करत होत्या. काल ज्यांना उचलावे लागले, त्याच आज दुसऱ्यांना उचलत होत्या.

या प्रसंगाचा उल्लेख अनेक जण करतात, पण तो घाईने उरकून पुढे जातात. मला वाटते, रमाबाईंच्या सगळ्या पुढच्या आयुष्याचे बी इथेच आहे. त्यांनी भगिनींना विचारले, की तुम्ही ख्रिस्ती माणसे अशा बायकांची एवढी काळजी का घेता? उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय उघडून येशू आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट वाचून दाखवली. रमाबाई म्हणतात, की ती ऐकल्यावर ख्रिस्त खरोखर तारणारा आहे हे त्यांना उमगले. १८८३ सालीच, २९ सप्टेंबरला, त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

ती गोष्ट आपल्या कानांनी ऐका. ऐन दुपारची वेळ आहे. एक बाई एकटीच विहिरीवर येते. सकाळी किंवा सांजवेळी गावातल्या बायकांबरोबर ती का येत नाही, ते शुभवर्तमानात लिहिलेले नाही, पण महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही ते सांगावे लागत नाही. विहिरीच्या काठावर वाटचालीने थकलेला एक यहुदी पुरुष बसला आहे. यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्याला शिवत नसत. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. यावर युरोपातल्या भाष्यकारांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. ज्या देशात पाणवठ्यावरून माणसांची पायरी ठरत आली, ज्या देशात १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या देशातल्या वाचकाला भाष्याची गरज नाही. तिच्या भांड्यातले पाणी मागितले जाते, तिथेच अर्धी गोष्ट संपते.

आणि आणखी एक. येशू तिच्याकडे दाता म्हणून जात नाही. तो आधी मागतो. तिच्याजवळ द्यायला काहीतरी आहे, हे तो मान्य करतो. पुढे तो तिला तिच्या आयुष्याची सगळी हकिगत सांगतो, पाच नवऱ्यांचा उल्लेखही करतो, पण हिणवत नाही. तीच बाई गावात धावत जाऊन लोकांना बोलावून आणते. फुलहॅममधल्या बायकांसारखीच तीही मिळालेले घेऊन दुसऱ्यांकडे जाते. ही गोष्ट वाचण्यासाठी त्या भगिनीने का निवडली असेल, हे रमाबाईंना लगेच कळले असणार.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. रमाबाईंनी स्वतः इतके सोसले होते की दुसऱ्याचे दुःख त्यांना कळणारच. त्यात देवाच्या प्रेमाचा संबंध काय? खरेच, त्यांनी सोसले ते ऐकून अंगावर काटा येतो. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत फिरणारे हे डोंगरे कुटुंब उपाशी पडले. वडील अनंतशास्त्री, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण अशी तीन माणसे थोड्या महिन्यांच्या अंतराने गेली. आई अन्नासाठी तळमळत होती तेव्हा रमा शेजारच्या एका बाईच्या दाराशी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली. शास्त्र्याच्या मुलीला मागण्याची सवय नव्हती. तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी मात्र थांबेना. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला, आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले.

पण दुःख सोसलेला प्रत्येक माणूस कनवाळू होतोच असे नाही. दुःखाने माणसे निबरही होतात, आपापले दार घट्ट लावून बसतात. रमाबाईंना दुःखाने भूक म्हणजे काय ते शिकवले. त्या भुकेल्यांसाठी आपले दार उघडावे, हे मात्र त्यांना दुसरीकडून मिळाले. आणि हे मी म्हणत नाही, त्यांनीच तसे सांगितले आहे.

बाप्तिस्म्यानंतरही त्यांचा शोध संपला नव्हता, हे आपण ख्रिस्ती लोक सोयीस्करपणे विसरतो. आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. धर्म स्वीकारला, उपासना केली, संस्था काढली, तरी मनात कुठेतरी आपण देवाच्या प्रेमाला लायक झाले पाहिजे ही धडपड चालूच होती. ती त्या वेळी सुटली. तारण फुकट आहे, ते मिळवावे लागत नाही, घ्यावे लागते, हे त्यांच्या अनुभवाला आले. एवढी मोठी बाई, जगभर नाव झालेली, आणि तरीही आपल्या श्रद्धेचा पाया पुन्हा तपासते, याचे मला विलक्षण मोल वाटते.

आता या दोन काळांतले काम शेजारी ठेवून पाहा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढे ते पुण्यात आले. ते उच्चवर्णीय विधवांसाठी होते. तिथे त्यांना आपापले सोवळेओवळे पाळायची मुभा होती. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हे काम त्या काळात प्रचंड धाडसाचे होते, त्याला कमी लेखू नये. पण १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तिथे गेल्या. तिथून त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणि बायका आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला, सरकारने एवढी माणसे शहरात ठेवू दिली नाहीत, म्हणून केडगावच्या शेतावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. पुढे गुजरातचा दुष्काळ झाला, आणि १९००च्या सुमारास ‘मुक्ती’ नावाच्या केडगावच्या या आश्रमातली माणसे दोन हजारांच्या घरात गेली. जात विचारून घेणे तिथे राहिलेच नाही. ‘पतित’ म्हटलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅममध्ये पाहिलेले ते घर केडगावच्या माळावर उभे राहिले.

हे वर्तुळ मोठे झाले ते केवळ १८९१च्या त्या अनुभवाने, असे मी म्हणणार नाही. दुष्काळ आला नसता तर कदाचित काम वेगळ्या वाटेने गेले असते. पण दुष्काळ सर्वांच्याच दारात आला होता. तो पाहून किती जण गाडीत बसले?

दुष्काळातून आणलेल्या त्या मुली कशा होत्या? हाडांचे सापळे, डोक्यात उवांची घरटी, अंगभर फोड आणि खरूज, उपासमारीने अन्न लपवून ठेवायची, हिसकावून घ्यायची सवय लागलेल्या. त्यांना न्हाऊमाखू घालणे, जखमा धुणे, सावकाश पातळ अन्न देणे, रात्री उठून पाहणे, हे सगळे करायला कोण होते? पगारी माणसे ठेवायला एवढा पैसा कुठला. शारदा सदनातल्या मोठ्या मुली पुढे आल्या आणि एकेकीने काही मुली आपल्या पदरात घेतल्या. एरवी जिच्या सावलीनेही विटाळ मानला असता, तिच्या डोक्यातल्या उवा ब्राह्मण घरातली बालविधवा बसून काढू लागली. ज्यांना घराने टाकले होते आणि ज्यांना कोणीतरी जवळ घेतले होते, त्यांनीच आता दुसऱ्यांना जवळ घेतले. रमाबाईंची शिकवण काय होती, हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडत नाही.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला एक बारकावा इथे आठवतो. तो वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवतो, एवढे सगळ्यांना पाठ आहे. पण दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाच्या हातात दोन दिनार ठेवतो आणि सांगतो, की याहून जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. म्हणजे प्रेमाला जमाखर्च असतो आणि उद्याची तारीखही असते. दुष्काळ एका पावसाने संपला, पण मुली होत्याच. त्यांना वर्षानुवर्षे पोसायचे, शिकवायचे, त्यांचे आयुष्य मार्गी लावायचे होते. डोळ्यांत पाणी येणे सोपे आहे; अवघड आहे ते पुढची वीस वर्षे रोजच्या धान्याचा हिशेब ठेवणे. (हा गुण ख्रिस्ती माणसाचीच मक्तेदारी आहे, असा दावा मी करत नाही. तापलेल्या वाळूवरचे पोर उचलून कडेवर घेणारे एकनाथ महाराज याच मातीतले. नारायण वामन टिळकही आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत.)

आता पुन्हा त्या विहिरीवरच्या मागण्याकडे येते. येशूने त्या बाईला घेणारी न ठेवता देणारी केले, हे मी म्हटले. मुक्तीतला कारभार पाहा. तिथे शेती होती, दूधदुभते होते, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, धोबीकाम होते. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई. वृद्ध आणि अशक्त बायकांसाठी प्रीती सदन होते. आणि छापखाना होता. तिथे मुली खिळे जुळवत, छपाई करत, पुस्तकांची बांधणी करत. रमाबाईंनी अखेरच्या वर्षांत केलेले बायबलचे भाषांतर याच छापखान्यात, याच मुलींच्या हातांनी छापले गेले. दुष्काळात जिला अक्षर काय, अन्नही नव्हते, ती मुलगी शिशाचे खिळे एकेक उचलून देवाच्या वचनाची ओळ जुळवते आहे. हे चित्र मी जेव्हा जेव्हा डोळ्यांपुढे आणते, तेव्हा दया आणि प्रेम यांतला फरक मला पुन्हा नव्याने कळतो. दयेत देणाऱ्याचा हात कायम वर राहतो. रमाबाईंनी तो तसा राहू दिला नाही.

पण देवाचे प्रेम माणसाला फक्त मृदू करते, असे कोणी समजू नये. वाँटेजच्या ज्या भगिनींनी रमाबाईंना ख्रिस्ताकडे नेले, त्यांच्याशीच त्यांनी वर्षानुवर्षे पत्रांतून वाद घातला. कोणत्या शिकवणुकी मानायच्या आणि कोणत्या नाही, हे मी स्वतः शास्त्र वाचून ठरवीन, कोणी मोठ्याने सांगितले म्हणून नाही, असा त्यांचा ठाम पवित्रा होता. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असेही त्या म्हणाल्या. आपल्यावर आधीच प्रेम झाले आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कोणाच्या मर्जीसाठी मान तुकवावी लागत नाही. भीती आणि प्रेम एका घरात नांदत नाहीत, असे योहानही सांगतो. आपल्या मंडळीत मोठ्यांपुढे गप्प बसण्यालाच प्रेम समजणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

आणि मग धर्मांतराचा प्रश्न. तो टाळून रमाबाईंवर बोलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८९३ साली शारदा सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांचा कल ख्रिस्ताकडे होतो आहे, यावरून पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे होते, की मी कोणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचे दार लावून घेऊन प्रार्थनाही करणार नाही. मला दोन्ही बाजू कळतात. ज्या समाजाची सत्ता परक्यांच्या हाती होती, त्याला प्रत्येक मिशनच्या मदतीमागे हेतू दिसणे स्वाभाविक होते. आणि काही ठिकाणी तो हेतू खरोखरच होता. हे आपण मान्य केले पाहिजे. म्हणून इथे मी स्पष्ट बोलते. भाकरीच्या बदल्यात श्रद्धा मागणे हे ख्रिस्ताच्या नावाला काळिमा फासणारे आहे. ज्या देवाने आपल्यावर अटीशिवाय प्रेम केले, त्याच्या नावाने अटी घालणे म्हणजे त्याचाच नकार. पण माझ्या प्रेमाचा झरा कुठे आहे ते लपवून ठेव, असेही कोणी मला सांगू नये. रमाबाईंनी झरा लपवला नाही, आणि म्हणूनच मी त्यांना मानते.

आता शेवटी आपल्याविषयी. आपल्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजात शाळा आहेत, दवाखाने आहेत. कोणी आजारी पडले तर पाळक घरी येतात, मयताला सगळी मंडळी उभी राहते. हे सगळे खरे आहे आणि ते मौल्यवान आहे. पण लग्नाची बोलणी सुरू झाली की बाप्तिस्म्यापूर्वीची जात अजूनही कोणाकोणाच्या घरात विचारली जाते. प्रभुभोजनाला एकाच प्याल्याजवळ येणारे दोघे सोयरीक करताना एकमेकांच्या दारात जात नाहीत. घटस्फोट झालेली बाई उपासनेला येते आणि मागच्या बाकावर बसून, आशीर्वाद होण्याआधीच निघून जाते. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला आपण पत्रिका देतो, घरी जेवायला मात्र बोलावत नाही. मुलगा दारूत गेला म्हणून त्याच्या आईनेही मंडळीत यायचे सोडले, अशी घरे आपल्या प्रत्येकाच्या परिचयाची आहेत. त्या आईला आपण टाकले नाही, असे आपण म्हणू. पण ती येत नाही, हे कोणाच्या लक्षात आले का?

रमाबाईंच्या नावाने व्याख्याने करायची आणि कृपा सदनाला जागा नाही अशी मंडळी चालवायची, हे मला पटत नाही. पाळकसाहेब, वडीलजन, माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचून झाला की विषयपत्रिकेवर आणखी एक विषय घ्या: आपल्या गावात कोणाला आपल्या दाराशी यायची भीती वाटते? नावे लिहून काढा, आणि पुढच्या सभेपर्यंत त्यांच्यापैकी निदान एका घरी, एकदा तरी, जेवायला जाऊन या.